युरोपकडे पाठ करून उभे राहा

आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका. युरोपला आपण बघायला जात नाही. बघायचंच असतं तर यूट्यूबवर सगळं आहे, तेही फुकट आणि व्हिसाशिवाय. आपण जातो ते युरोपकडे पाठ करून उभं राहायला. विमानाचं तिकीट, शेंगेन व्हिसा, बॅगेच्या कोपऱ्यात कोंबलेल्या चकल्या, हा सगळा खटाटोप त्या पाठीसाठी असतो. एवढं पटलं की पुढचं सोपं आहे.

तयारी व्हिसाच्या फोटोपासूनच करा. ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे फिका पडदा, ओठ मिटलेले. तिथे दात दाखवू नका. पुढचे पंधरा दिवस तेच काम आहे.

पहिला मुक्काम पॅरिस. लूव्र संग्रहालयात शिरलात की इकडेतिकडे रेंगाळू नका, मोनालिसाच्या पाट्यांमागे चालत राहा. चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं, जाड काचेआड. समोर दोऱ्या लावून केलेली नागमोडी रांग. पंढरपूरच्या दर्शनबारीची सवय असलेल्यांना काही वेगळं वाटणार नाही, फक्त इथे पदस्पर्श नाही, नुसतं मुखदर्शन. पुढे पोहोचलात की गर्रकन वळा आणि बाईकडे पाठ करा. आता बरोब्बर तुमच्यासमोरच्या भिंतीवर वेरोनेझेने १५६३ मध्ये पुरं केलेलं चित्र आहे: काना गावातल्या लग्नाची पंगत, जवळजवळ दहा मीटर रुंद, सव्वाशेहून जास्त माणसं, लूव्रमधलं सगळ्यात मोठं. तेही बघायचं नाही. नजर फोनवर. एकाच जागी उभं राहून दोन जगप्रसिद्ध चित्रं न बघण्याची अशी सोय दुसरीकडे मिळायची नाही.

माझ्या मावशीने तिथे अर्ध्या मिनिटात अकरा फोटो काढून घेतले. अकराही फोटोंत मावशी झकास आली आहे. मोनालिसा तिनांत आहे. उरलेल्या आठांत एका उंच माणसाची सॅक.

आयफेल टॉवर रात्रीच गाठा. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं तो चमचमतो. त्याच्या रोषणाईवर कॉपीराइट आहे. घरच्यासाठी फोटो काढायला कुणी अडवत नाही, पण धंद्यासाठी वापरायचा तर परवानगी घ्यावी लागते. हे सांगितल्यावर काका दोन मिनिटं गप्प झाले आणि मग म्हणाले, "म्हणजे सोसायटीच्या स्मरणिकेत टाकायचा नाही का? त्यात जाहिराती असतात."

पिसाचं काय सांगायचं! दुरुस्ती करून, कलणं थोडं कमी करून त्यांनी तो मनोरा २००१ मध्ये पुन्हा उघडला, तरी त्याला हात देऊन सावरणाऱ्यांची गर्दी आहे तेवढीच आहे. रोममध्ये मात्र जपून. सिस्टीन चॅपलमध्ये फोटोला बंदी असल्याने मान वर करून छत बघण्याची नामुष्की येते. मान दुखते आणि हातात पुरावाही राहत नाही.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तिथली माणसं. ती स्वतःच्याच गावात राहतात आणि फ्रेममध्ये येतात. पॅरिसच्या रू क्रेमियो या रंगीत घरांच्या गल्लीत तर रहिवाशांनी २०१९ मध्ये पालिकेकडे शनिवार-रविवारी फाटक लावून घेण्याची मागणी केली. स्वतःच्या पायरीवर कुणी नाचलेलं त्यांना खपत नाही. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या सात-आठशे वस्तीच्या गावाने २०२३ मध्ये तळ्याच्या देखाव्यासमोर चक्क लाकडी कुंपण घातलं होतं, मग ओरड झाल्यावर काढलं. स्वित्झर्लंडमधलं इझेल्टवाल्ट त्यामानाने व्यवहारी निघालं. तिथल्या धक्क्यावर फिरतं फाटक आहे, पाच फ्रँक टाका आणि तळ्याकडे पाठ करा. याला म्हणतात पर्यटन.

हॉलंडमध्ये ट्युलिपच्या शेतात शिरताना बांधावरच्या पाट्या वाचू नका. आपल्याकडे कुणी फोटोसाठी ऐन भरातल्या हरभऱ्यात आडवं झोपलं तर मालक काय काय म्हणेल, ते आठवायचं कारण नाही. डच शेतकऱ्याला त्यातलं काही म्हणता येत नाही.

तरीही माणसं आलीच, तर पुसून टाका. १८३८ मध्ये दागेर या फ्रेंच माणसाने, फोटोग्राफी नुकती जन्मत असताना, पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला, तेव्हा एक्स्पोजरला कित्येक मिनिटं लागली. तेवढ्यात चालणारी माणसं, गाड्या, घोडे, सगळं विरून गेलं. उरला एक इसम, कारण तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. आता तेच काम फोनवर बोट फिरवून होतं. मावशीने व्हेनिसच्या एका पुलावरची गर्दी अशी साफ केली. नंतर लक्षात आलं, काकाही गेले.

हे झालं फिरायला आलेल्यांचं. राहायलाच आला असाल, तर तुमचा फोन कुणाच्या हाती देऊ नका. मी नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला राहतो. इथला डोम टॉवर ११२ मीटर उंच, देशातला सगळ्यात उंच चर्चचा मनोरा. २०१९ पासून पाच वर्षं तो दुरुस्तीसाठी परांचीत होता. माझ्याकडच्या पाहुण्यांच्या प्रत्येक फोटोत तो प्लास्टर घातल्यासारखा दिसतो. पण निदान दाखवण्यासारखा तरी आहे. माझ्या फोनमधले बाकीचे फोटो बघा: वॉशिंग मशीनच्या गोल बटणाभोवतीचे डच शब्द. पालिकेचं पत्र, भाषांतरासाठी, चार कोनांतून, कारण दुसऱ्या ओळीवर ट्यूबचा उजेड चमकतो. गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं, जिलेटिन आहे का बघायला. घर ताब्यात घेतलं त्या दिवशीचा भिंतीवरचा ओरखडा, शेजारी मोजपट्टी धरून, कारण आधीच्या घरमालकाने असाच एक ओरखडा माझ्या डिपॉझिटमधून भरून काढला होता. आणि जवळजवळ रोजचा एक: स्टेशनाखालच्या सायकलतळात माझी सायकल कुठल्या मजल्यावर, कुठल्या रांगेत लावली ती पाटी. तीन मजले, साडेबारा हजार जागा. एका संध्याकाळी फोटो काढायला विसरलो आणि पाऊण तास सगळ्या काळ्या सायकलींच्या घंट्या वाजवत फिरलो. माझ्या घंटेचा आवाज जरा घोगरा आहे.

असले फोटो वेळच्या वेळी डिलीट करा, नाहीतर माझ्यासारखं व्हायचं. परवा घरच्या ग्रुपवर कालव्यावरचा सूर्यास्त टाकायला गेलो आणि बोट घसरून सायकलतळाचा फोटो गेला. पाटी, पाटीखाली सायकल, कॅरिअरला इलॅस्टिकने बांधलेली तुर्की दुकानातली कोथिंबिरीची जुडी. सूर्यास्तांना आजवर पिवळे अंगठे येत आले. याला दहाव्या मिनिटाला मावशीचा फोन आला. "काय रे, केवढ्याला मिळते तिकडे? आणि एवढी मोठी जुडी एकटा संपवतोस? ती शेजारची लाल सायकल कुणाची?"

मी तिला थातुरमातुर उत्तरं दिली, फोन ठेवल्या ठेवल्या तो फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला आणि ताबडतोब सूर्यास्त टाकला. नऊ अंगठे आले.

रात्री काकांचा मेसेज होता: "तो सायकलींचा कुठे गेला? मी झूम करून बघत होतो."