.308 च्या डायमध्ये 7 एमएमचा एक्स्पांडर: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक स्टार दिलात. चूक आमची आहे, तेव्हा तो बदला असं म्हणायला मी आलेलो नाही. दुकान माझं, आणि तुम्ही नेलेला .308 विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाचा जुना डाय-संच (वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायचे साचे) जोडला तोही मीच. म्हणून हे उत्तर काउंटरवरच्या मुलावर न सोपवता स्वतः लिहितोय.

ज्यांनी मूळ तक्रार वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यांनी आमच्याकडून वापरलेला दोन डायचा संच घेतला. पहिली 23 काडतुसं भरतानाच गोळी बसवायला भलताच जोर लागला, काही पुंगळ्यांचे (काडतुसाच्या पितळी कवचांचे) खांदे, म्हणजे मानेखालचा उतार, फुगले, त्या रायफलच्या चेंबरमध्ये जाईनात, गोळ्यांच्या टोकाजवळ गोल वळ उठले आणि पुंगळीच्या बुडातला जुना प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) बाहेर ढकलणारी पिन दोनदा तुटली. फोन केला तर आमच्याकडून ऐकायला मिळालं, “डाय नीट सेट करा.” यावरून त्यांनी लिहिलंय की डाय आतून चुकीची कापलेली आहे आणि आम्ही ते माहीत असून विकलं.

माहीत असून विकलं नाही. डायही आतून बरोबर आहे. चूक होती ती तिच्यात मधोमध लटकणाऱ्या सळईवर.

डाय परत आल्यावर मी ती सळई काढली आणि तिच्यावरचा एक्स्पांडर, म्हणजे पुंगळीची मान आतून रुंद करणारा फुगीर भाग, मायक्रोमीटरमध्ये धरला. आकडा आला 7.16 मिलिमीटर. .308 ची गोळी 7.82 ची, म्हणजे तिथे 7.77 च्या आसपासचा एक्स्पांडर हवा. हातात होता तो 7 एमएम-08 या बारक्या गोळीच्या काडतुसाचा.

आता तुमच्या पुंगळीचं काय झालं ते सांगतो. साइझिंग डाय, म्हणजे संचातली पुंगळी मापात आणणारी डाय, पुंगळीची मान हवी त्यापेक्षा जरा जास्तच आवळते. मग पुंगळी खाली येताना एक्स्पांडर मानेतून ओढला जातो आणि आतला व्यास गोळीच्या मापाला आणून सोडतो. तुमच्या डायमध्ये आवळणं झालं, उघडणं झालंच नाही. तो बारका एक्स्पांडर मानेला न शिवता निघून गेला. मान आतून साधारण 7.6 वर राहिली आणि तुम्ही तिच्यात 7.82 ची गोळी दाबत होतात. एवढा दाब मान पेलत नाही, तो खाली खांद्यावर उतरतो आणि खांदा बाहेर फुगतो. गोळीवरचे वळही त्यातलेच. सीटिंग स्टेमची (गोळी खाली दाबणाऱ्या दांड्याची) कड एरवी गोळीला नुसती टेकते, इथे ती रुतत होती. तुम्ही स्टेम बदलून मागितला आहे. नवा स्टेम पाठवतोय, पण खरं सांगायचं तर जुना निर्दोष आहे. बरोबर एक्स्पांडर घालून मी त्याच स्टेमने पाच गोळ्या बसवून पाहिल्या, एकीवरही वळ नाही.

हे घडलं कसं? आम्ही एका जुन्या रीलोडरचं (घरी काडतुसं भरणाऱ्याचं) सगळं सामान एकगठ्ठा घेतलं होतं. त्यात अकरा संच होते. काही खोलून ठेवलेले, आणि त्यांच्या सळया एकाच पत्र्याच्या डब्यात. बहुतेक संच एकाच बनावटीचे. डायचे बाहेरचे आटे तर जवळजवळ सगळीकडे सारखेच असतात, 7/8 इंच व्यास आणि इंचाला 14 आटे. या बनावटीत सळईचे आटेही एकच, आणि एक्स्पांडरवर काही कोरलेलं नाही. मी डब्यातली सळई उचलली, आत सोडली, ती छान बसली. बसली म्हणजे तिचीच असणार, असं धरून चाललो. मायक्रोमीटर हाताशी होता.

या धंद्यात इतकी वर्षं काढूनही जे मी विसरलो ते लिहून ठेवतो. ही गफलत दोन्ही बाजूंनी सारखी नसते. मोठा एक्स्पांडर लहान मापाच्या डायमध्ये घालून पाहा, तो पुंगळीच्या मानेत अडतो, लगेच कळतं. लहान एक्स्पांडर मोठ्या डायमध्ये मात्र गुपचूप बसतो. .308 च्या घराण्यात हे फार सोपं आहे, कारण 1952 च्या या पुंगळीची मान बदलूनच पुढे .243 विंचेस्टर, 7 एमएम-08 आणि .260 रेमिंग्टन आली. खालचं अंग जवळपास तेच, त्यामुळे डाय शेजारी ठेवल्या तर अंगावरचा शिक्का वाचल्याशिवाय वेगळ्या ओळखू येत नाहीत.

एक खूण असते. डाय ज्यात बसवतो त्या प्रेसचं हँडल वर घेताना मध्येच ओढ लागायला हवी, तो एक्स्पांडर मानेतून जात असतो. तुमचं हँडल लोण्यातून आल्यासारखं वर आलं असणार. वंगण चांगलं लागलंय असं तुम्हाला वाटलं असेल तर त्यात नवल नाही, मलाही तसंच वाटलं असतं. पण फोन उचलणाऱ्या आमच्या माणसाने नेमकं हेच विचारायला हवं होतं. त्याने न विचारता तुमच्यावर ढकललं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुमच्या तक्रारीत मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

पिनचं मात्र मी आमच्या माथी घेणार नाही. तुम्ही टाकलेल्या फोटोत पुंगळ्यांचा प्रायमरचा खळगा लहान दिसतोय. .308 च्या काही पुंगळ्या स्मॉल रायफल प्रायमरसाठी बनवलेल्या असतात आणि त्यांतल्या कित्येकांचं आतलं भोक नेहमीच्या 2 मिलिमीटरऐवजी 1.5 चं असतं. आपली पिन जवळपास 1.8 ची. ती तिथे अडकणार किंवा मोडणारच. संच कुठलाही असता तरी मोडली असती.

तुमचे पूर्ण पैसे आजच परत केले आहेत. संच ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. योग्य एक्स्पांडर घालून, मापून तो तुमच्याकडे निघाला आहे. नको असेल तर परत पाठवा, खर्च आमचा.

तुमची तक्रार वाचल्यावर त्या गठ्ठ्यातले उरलेले सगळे संच खोलले आणि विकलेल्यांच्या मालकांना फोन केले. आणखी एक सापडला, .30-06 च्या डायमध्ये .270 चा एक्स्पांडर. त्या गृहस्थांनी सुदैवाने अजून एकही काडतूस भरलं नव्हतं. आता जुनी डाय बाहेर पडताना तिच्या डबीत एक चिठ्ठी असते. तिच्यावर एक्स्पांडरचं मोजलेलं माप आणि मोजणाऱ्याची सही. सळयांचा तो डबा मी टाकून दिला.

राहिली ती 23 काडतुसं. फुगलेली कृपा करून रायफलमध्ये घालून पाहू नका, आणि बोल्ट जोर लावून बंद तर अजिबात करू नका. जी चेंबरमध्ये जातात ती देखील वापरू नका, कारण गोळ्या एकसारख्या खोल बसल्या असतील याचा भरवसा नाही. पुलरने (गोळी उपसायच्या साधनाने) सगळ्या गोळ्या काढा. खांदा फुगलेल्या पुंगळ्या भंगारात टाका, बाकीच्या पुन्हा साइझ करता येतील. पुलर नसेल तर कळवा, आमचा पाठवतो, काम झालं की परत द्या.

पार्सलमध्ये पिनची दोन पाकिटं आहेत. लाल ठिपका असलेल्या पाकिटातल्या बारीक, त्या फोटोतल्या पुंगळ्यांसाठी.