आबांचा पाय, केळीचं खोड आणि इम्युनिटीचे दोन डबे

डिसेंबरात आबांच्या पायात पऱ्हाटीचं खुंट घुसलं. कापूस वेचून झालेल्या शेतात, चपलेतून आरपार, उजव्या तळव्यात करंगळीच्या खाली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. साखरेचा आजार चौदा वर्षांचा, तळव्याची जाणीव निम्मी गेलेली, त्यामुळे फारसं दुखलंही नसणार. आईला कळलं ते ओट्यावर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काय व्हस तेले? भरी जाई."

भरली नाही. संक्रांत गेली, महाशिवरात्र गेली, जखम तशीच ओली. रुपयाएवढी. कडा पांढुरक्या, मध्ये पिवळट थर, आणि पट्टी सोडली की एक वास. मग घरात सल्ल्यांचा बाजार भरला. एका काकांनी हळद-तेल सांगितलं, मावशीने कापूस जाळून त्याची राख भरायला सांगितली, आणि आबांचा भाचा जळगावहून 'इम्युनिटी' वाढवणाऱ्या पावडरीचे दोन डबे घेऊन आला. म्हणाला, "मामांची प्रतिकारशक्ती कमी पडतेय. ती वाढली की जखम आपोआप भरेल."

मी बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. या वाक्यावरून माझं आणि त्याचं जेवणाच्या ताटावर भांडण झालं. शेवभाजी गार झाली, आई वैतागली. पण अजूनही माझं म्हणणं तेच आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. आबांच्या त्या जखमेत लढणाऱ्या पेशी कमी नव्हत्या. उलट तिथली लढाई तीन महिने चालूच होती. संपायचं नावच घेत नव्हती, सगळा घोळ तिथे होता.

काटा टोचला की काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी तिथे धावत येतात. जंतू खातात, त्यांच्यावर जहाल रसायनं सोडतात, आणि थोड्या काळात स्वतः मरतात. त्यांचं आयुष्यच फार थोडं. पू म्हणतो तो बराचसा या मेलेल्या पेशींचाच. आता प्रश्न असा की ही सगळी मढी उचलायची कुणी? कारण मेलेली पेशी तिथेच पडून राहिली तर काही वेळाने फुटते, तिच्या पोटातलं सगळं आजूबाजूला सांडतं, आणि शरीराला वाटतं पुन्हा हल्ला झाला. की पुन्हा सूज, पुन्हा नव्या न्यूट्रोफिल, पुन्हा मढी.

हे उचलायचं काम मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी करतात. आणि त्यांचं कसब बघण्यासारखं आहे. पेशीच्या आवरणाला आत आणि बाहेर असे दोन थर असतात. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा एक स्निग्ध पदार्थ जिवंत पेशी जपून आतल्या थरात ठेवते. मरायला लागली की तो बाहेर येतो, जणू कोट उलटा करून अस्तर बाहेर काढावं तसा. मॅक्रोफेजला ही खूण कळते. निरोगी पेशींच्या अंगावर सीडी-४७ नावाचं प्रथिन असतं, त्याचा अर्थ 'मला खाऊ नको'. म्हणजे कुणाला उचलायचं आणि कुणाला हात लावायचा नाही, दोन्हींच्या पाट्या लावलेल्या.

या कामाला शास्त्रात एफेरोसायटोसिस म्हणतात. मुळातला लॅटिन शब्द प्रेताला उचलून नेण्याचा, दफनाला नेण्याचा. मला तर लगेच आपला 'खांदा देणं' आठवला. गावात कुणी गेलं की चार जण खांदा देतात, त्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारचे पिठलं-भाकरी आणतात, आणि तेच लोक पुढचे दिवस त्या घराकडे बघतात. मॅक्रोफेजचंही तसंच. मेलेली पेशी गिळली की ती स्वतः बदलते. भांडणाची भाषा सोडते. इंटरल्युकिन-१०, टीजीएफ-बीटा असे सूज शमवणारे, नवी उभारणी सुरू करणारे निरोप पाठवायला लागते. मग तंतू विणणाऱ्या पेशी येतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, लालसर दाणेदार मांस वर येतं. खांदा दिल्याशिवाय घर पुन्हा उभं करायची आज्ञाच निघत नाही.

मधुमेहात हे बिघडतं. साखर चढलेल्या अंगात मॅक्रोफेजचं उचलण्याचं काम मंदावतं आणि त्या भांडणाच्या अवस्थेतच अडकून पडतात. शिवाय पायाच्या नसा बधिर, रक्तपुरवठा अपुरा, वजन रोज त्याच जागेवर. नुसत्या मॅक्रोफेजवर सगळं ढकलणंही खोटं ठरेल. पण अशा जखमेला आणखी 'ताकद' हवी, असं म्हणणं म्हणजे भांडणाऱ्या भाऊबंदांच्या हातात आणखी दोन काठ्या देणं.

या पेशींचा शोधही काट्यातूनच लागला. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी इल्या मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात बागेतला काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर फिरत्या पेशींनी काट्याला गराडा घातलेला. १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखबरोबर विभागून मिळालं. (आमच्या पुस्तकात हे नाव येतं आणि जातं. पोरं परीक्षेपुरतं पाठ करतात. काट्याची गोष्ट सांगितली की मात्र मागच्या बाकावरचेही वर बघतात.) तेव्हापासून या पेशी लोकांच्या डोक्यात सैनिक म्हणूनच बसल्या. जंतू आला, खाल्ला, जिंकलो. कोरोनात तर पोस्टरवर ढाल-तलवारी निघाल्या.

खरं तर जंतूंशी सामना हा त्यांच्या कामाचा लहानसा भाग. रोजचं काम आहे ते घरच्याच मेलेल्यांचं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रॉन सेंडर आणि रॉन मायलो यांनी २०२१ मध्ये हिशोब मांडला, की माणसाच्या अंगात रोज सुमारे ३३० अब्ज पेशी बदलतात. वजनाने ८० ग्रॅमच्या आसपास. त्यातल्या बहुतेक रक्ताच्या. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, मग प्लीहेतल्या आणि यकृतातल्या मॅक्रोफेज तिला गिळतात. सेकंदाला वीस लाखांहून जास्त. २०११ च्या जनगणनेत अख्खा जळगाव जिल्हा ४२ लाखांचा होता. म्हणजे जिल्ह्याच्या लोकसंख्येएवढ्या पेशी दोनेक सेकंदांत. आणि हे सगळं चालू असताना आपल्याला ना ताप येतो, ना सूज.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मुक्या मारासारखी सोय नाही. माझी मुलगी गेल्या महिन्यात सायकलवरून पडली. नडगीवर रक्त साकळलं, पहिल्या दिवशी वांग्यासारखं जांभळं. मी तिला रोज संध्याकाळी तो डाग वहीत रंगवायला लावला. चार-पाच दिवसांनी कडेने हिरवट झाला, मग पिवळा, मग चहा सांडल्यासारखा तपकिरी. साकळलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी मॅक्रोफेज खात होत्या. हिमोग्लोबिन मोडून आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन, आणि मागे उरलेल्या लोखंडाचा तपकिरी रंग. वहीचं ते पान फ्रिजवर लावलंय.

तेच लोखंड पुढे वाया जात नाही. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोखंड या पेशी जुन्यांमधून सोडवून नव्या पेशी बनवायला परत देतात. जेवणातून आपण रोज शोषतो जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. (पालक खा, जरूर खा. पण घर चालतं ते जुन्या भांड्यांच्या मोडीवर.)

सातपुड्याकडच्या लोकांना या हिशोबाची दुसरी बाजू ठाऊक आहे. नंदुरबारमध्ये भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल आढळतो. या आजारात तांबडी पेशी १२० ऐवजी दहा-वीस दिवसांतच मोडते. मोडतोड एवढी की डोळे पिवळे दिसतात, आणि घरचे काविळ समजून मंतरून घ्यायला नेतात. धडगावकडचा माझा एक विद्यार्थी असाच दोन वर्षं फिरवला गेला होता. रक्ताची एक तपासणी पुरेशी होती.

आता आबांकडे येतो. फेब्रुवारीअखेर त्यांना कसंबसं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखमेतला पिवळा थर, कडेचं मेलेलं मांस चाकूने खरवडून काढलं. याला डेब्रिडमेंट म्हणतात. बाहेर आल्यावर आबांचा पारा चढलेला. "हाऊ डॉक्टर जखम भरस का मोठी करस?"

मी समजावलं, की पेशींना उचलता आलं नाही ते त्यांनी हाताने उचललं. पटलं नाही. मग मी त्यांच्याच भाषेत विचारलं, की घड कापल्यावर केळीचं खोड काय करता? आमचं चार एकर केळीचं रान आहे, तापीकाठी. आबा म्हणाले, "खोड लगेच काढानं नही. पिलं तेवरच पोसातस." बरोबर. घड उतरला की खोड एकदम बुडापासून छाटत नाहीत. टप्प्याटप्प्याने कापतात, त्यातला रस, अन्न खाली पिलाला मिळतं. मी म्हटलं, आणि केळीवर हरण्या रोग आला तर? एकदम म्हणाले, मग उपटायचं, रानाबाहेर न्यायचं, नष्ट करायचं, नाहीतर बाग जाते.

तेच तर. वेळेवर, शिस्तीत मेलेली पेशी नव्याचं खत होते. पडून राहून फुटलेली, सडलेली बाजूच्यांना घेऊन बुडते, ती बाहेर काढावीच लागते. आबा काही बोलले नाहीत. विडा लावला. पण पुढच्या ड्रेसिंगला स्वतःहून पाय पुढे केला.

मुद्दाम नोंदवून ठेवतो, बरं वाटायला लागलं ते कशाने. साखर आटोक्यात आणली. दर आठवड्याला मेलेलं काढलं. तळव्यावर भार पडू नये म्हणून खास चप्पल, आणि शेतात जाणं बंद (यावरचं भांडण पावडरीच्या भांडणापेक्षा मोठं झालं). अँटिबायोटिक दिली ती जंतुसंसर्ग होता तेवढ्यापुरती. हळद आई भाजीत घालते तेवढीच. राख भरू दिली नाही, मावशी अजून रुसलेली आहे.

भाच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याने पदरचे पैसे घातले, मामावरच्या मायेने घातले. राग आहे तो डब्यावरच्या त्या शब्दाचा. 'बूस्ट'. ज्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती खरोखर कमी असते त्यांची गोष्ट वेगळी, त्यांचे उपचार वेगळे आणि ते दुकानातल्या डब्यात मिळत नाहीत. पण संधिवाताचे काही प्रकार, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उलटते तो आजार), दमा, रक्तवाहिनीत साठणारा चरबीचा थर, यांत शरीराची अडचण नेमकी उलटी असते, सूज उतरत नाही. ल्युपसमध्ये आणि त्या चरबीच्या थरात तर मेलेल्या पेशी वेळेवर उचलल्या जात नाहीत, हे बिघाडाचं एक कारण. तिथे 'वाढवा, वाढवा' म्हणून काय वाढवणार?

जखम आता चण्याएवढी राहिली आहे. तळाशी लालसर दाणे आलेत, परवा पट्टी सोडली तर वास नव्हता. आबांनी आरशात तळवा बघून घेतला, हे ते आता रोज करतात.

पावडरीचा एक डबा फुटलेला, एक सीलबंद. दुकानदार सीलबंदही परत घेत नाही म्हणे. फुटलेल्यात आईने मेथीदाणे भरलेत.