शरदात ग्रीनला भोकं पाडतात ती नासधूस नव्हे

ब्रिटनमध्ये उन्हाळा सरला की गोल्फ खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक तक्रार हमखास फिरू लागते. इथली मराठी मंडळीही ती पुढे पाठवतात. तिचं म्हणणं थोडक्यात असं: गवत थंडीत झोपतं, तेव्हा शरदात चांगल्या ग्रीनला (चेंडू ज्या भोकात घालायचा त्याभोवतीच्या, बारीक कापलेल्या हिरवळीला) भोकं पाडून वर वाळू ओतणं ही नासधूस आहे, त्यापेक्षा भरपूर नत्र द्या, मैदान हिरवं राहील, आणि दव गोठलं म्हणून ग्रीन बंद ठेवणं हा कामचुकारपणा आहे. यातलं जवळपास सगळंच चूक आहे.

आधी झोपेचं बघू. आपली हरळी, म्हणजे बर्म्युडा गवत, उष्ण प्रदेशातली. थंडी वाढली की ती पिवळी पडून खरोखरच निजते. इथल्या ग्रीनवर मात्र बेंट, फेस्क्यू, पोआ अशी थंड हवेची गवतं असतात. जमीन ५-६ अंशांच्या खाली गेली की त्यांची वाढ जवळजवळ थांबते, पण सप्टेंबरात मातीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते आणि मुळं जोमानं वाढतात. गवताला उभारी द्यायची तर ती याच दिवसांत.

भोकं पाडतात तीही म्हणूनच. उन्हाळाभर पायांखाली माती दबलेली असते. वर मेलेल्या काड्या-मुळांचा थर साचतो, त्याला थॅच म्हणतात. हा थर पाणी धरून ठेवतो. अवजाराचे पोकळ दात जमिनीत घुसवून मातीच्या कांड्या बाहेर काढल्या आणि भोकांत वाळू भरली की हिवाळ्यातला पाऊस खाली निचरतो, मुळांना हवा मिळते. काही दिवस ग्रीनवर हलकेच ढकललेला चेंडू उड्या मारत जातो, हे खरं. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात केलेली भोकं काही आठवड्यांत बुजतात. तेच काम नोव्हेंबरवर ढकललं तर ती वसंतापर्यंत उघडी राहू शकतात. तक्रार करायचीच तर अशा उशिराची करावी.

नत्राचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. उशिरा दिलेल्या भरपूर नत्रानं पात लुसलुशीत होते आणि मायक्रोडोकियम बुरशीला आयतं खाद्य मिळतं. गारवा, ओल, साचलेली हवा मिळाली की ग्रीनवर तांबूस-तपकिरी चट्टे उमटतात. वाढ थांबलेली असल्यामुळे ते वसंतापर्यंत भरून येत नाहीत. पूर्वी फवारणीवर भिस्त ठेवता यायची. पण आयप्रोडिओन हे ग्रीनकीपरांच्या, म्हणजे मैदानाची निगा राखणाऱ्यांच्या, भरवशाचं बुरशीनाशक २०१८ पासून ब्रिटनमध्ये वापरता येत नाही, म्हणून आता रोग येऊच न देण्याकडे लक्ष द्यावं लागतं. नत्र बेतानं द्यायचं, कापणीची उंची मिलिमीटरभर तरी वाढवायची, सकाळी लांब लवचीक काठीनं दव झाडायचं, पडलेली पानं साचू द्यायची नाहीत, सावली धरणाऱ्या फांद्या छाटायच्या. हिरवा रंग हवाच असेल तर फेरस सल्फेट आहे: त्यानं वाढ न फुगवता गवत गडद दिसतं, पातही कणखर होते. भल्या पहाटे दव झाडत फिरणाऱ्या माणसाला कामचुकार म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

राहिलं गोठलेलं दव. थंडीनं पातीच्या पेशींतलं पाणीही गोठतं. तिच्यावर पाय पडला की पेशी फुटतात आणि पुढे तिथे काळपट पावलं उमटतात. वितळण्याची वेळ त्याहून वाईट. पांढरा थर जातो, वरची माती मऊ होते, पण खाली जमीन गोठलेलीच असते. अशा वेळी चाललं की वरचा थर सरकतो आणि मुळं तुटतात. नेमका तेव्हाच 'आता तरी उघडा' असा आग्रह होतो. ग्रीनकीपर मातीत सुरी खुपसून खालची जमीन सुटली का ते बघतो. तो 'अजून नाही' म्हणाला, तर त्या सकाळी तात्पुरत्या ग्रीनवर खेळा.