पाय टेकण्यासाठी बाईक खाली करताय?

उंची कमी असलेल्या रायडरला जो तो एकच सल्ला देतो, "मागून बाईक खाली करून घे, पाय टेकतील." टेकतात, खरंय. पण नुसतं मागून उतरवलं की पुढचा फोर्क जास्त तिरका होतो, ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला मिळते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) वाढतो आणि वळणावर बाईक जड लागते. नुसतं पुढून उतरवलं तर हँडल नको तेवढं हलकं होतं. म्हणजे दोन्हीकडून प्रमाणात उतरवायला हवं, हे सल्ला देणारे सांगतच नाहीत.

माझा आग्रह आहे, पाना हातात घेण्याआधी सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते, मोजा. मागचं चाक हवेत असताना ॲक्सलपासून (चाकाच्या दांड्यापासून) सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग हेल्मेट-जॅकेट घालून बाईकवर बसा आणि दुसऱ्या कुणाला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. फरक एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक जितकं वर-खाली होऊ शकतं त्या अंतराच्या, साधारण ३० टक्के हवा. वजन कमी असेल तर स्प्रिंग पुरेशी दबतच नाही, म्हणून बाईक उंच वाटते. अशा वेळी नुसता प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) कमी करूनही फरक पडतो. त्यानंतर सीट बघा. पुढच्या बाजूला रुंद सीट मांड्या फाकवते. तिथला फोम कोरून कडा उतरवल्या की पाय सरळ खाली जातो.

एवढं करूनही भागलं नाही तरच लिंक, म्हणजे मागचं चाक आणि शॉक ॲब्सॉर्बर यांना जोडणारी पट्टी, बदलण्याचा विचार करा. लांब लिंक लावल्याने शॉकचा स्ट्रोक (तो दबू शकतो ते अंतर) कमी होत नाही. चाक मात्र मडगार्डच्या जवळ येतं, आणि मोठ्या खड्ड्यात, मागे कुणी बसलेलं असताना, टायर थेट मडगार्डला घासू शकतो. त्यापेक्षा शॉकच्या आत स्पेसर (जागा अडवणारी कडी) टाकून ट्रॅव्हलच कमी करणं मला जास्त पटतं. काम किचकट आहे, पण चाक मडगार्डला लागण्याआधीच थांबतं.

साइड स्टँडही त्या प्रमाणात कापावा लागतो, नाहीतर बाईक जवळजवळ उभीच राहते आणि जराशा धक्क्याने पलीकडे पडते. चेनचा ताण आणि हेडलाइटचा रोख पुन्हा तपासा. वळताना फूटपेग आधीपेक्षा लवकर घासणार, हेही लक्षात असू द्या.

आणि दोन्ही तळपाय सपाट टेकायलाच हवेत हा हट्ट मला पटत नाही. कंबर थोडी सरकवून एका पायाचा चवडा घट्ट रोवता आला तरी बाईक सांभाळता येते.

तरीही लिंक बदलणारच असाल, तर मेकॅनिकला शॉकची स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर दाबून दाखवायला सांगा. टायर कुठेही टेकत नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाईक ताब्यात घेऊ नका.