टेक्नॉलॉजी वापरता का, हो की नाही?

परवा कॉलेजमधे ट्रेनिंग होतं, साडेतीन तास. स्मार्ट बोर्ड कसा चालू करायचा, ऑनलाइन क्विझ कशी बनवायची, अटेंडन्सची एक्सेल शीट कशी काढायची, सगळं दाखवलं आणि शेवटी फीडबॅक फॉर्म आला त्यात हा प्रश्न. मला त्या प्रश्नाचाच राग आला, ठाणे स्टेशनपासून घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

मी ठाण्यात डिग्री कॉलेजला फिजिक्स शिकवते, चौदा वर्षं झाली. आमच्याकडे एक सर आहेत, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत, त्यांना सगळे जुन्या वळणाचे म्हणतात कारण ते पीपीटी वापरत नाहीत. मी एकदा त्यांना सरळ विचारलं, सर का नाही वापरत? म्हणाले, "मॅडम, डेरिव्हेशन फळ्यावर लिहिताना माझा हात ज्या वेगाने चालतो ना त्याच वेगाने मुलं विचार करत येतात, स्लाइड लावली की फोटो काढतात आणि वही बंद." आता यात मागासलेलं काय आहे सांगा? मी स्वतः दोन वर्षं स्लाइडवर शिकवून बघितलंय, नंतर गपचूप खडू हातात घेतला.

आणि हेच सर एसवायला फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट (धातूवर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात तो) आला की प्रोजेक्टर मागायला स्वतः येतात. कारण तिथे मुलं दरवर्षी एकाच ठिकाणी अडकतात, त्यांना वाटतं प्रकाश जास्त टाकला की इलेक्ट्रॉन जास्त जोरात बाहेर येणार. फळ्यावर कितीही सांगा, मान डोलवतात आणि पेपरात तेच चुकीचं लिहितात. सर फेटचं सिम्युलेशन लावतात (कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या फिजिसिस्टने २००२ मधे सुरू केलेला, फुकट आहे, त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत), सोडियमची प्लेट, लाल प्रकाश, आणि मुलांना आधी वहीत लिहायला लावतात की इंटेन्सिटी वाढवली तर काय होईल. मग वाढवतात. फुल्ल करतात. एकही इलेक्ट्रॉन नाही. वर्ग एकदम शांत. मग रंग हळूहळू निळ्याकडे सरकवला की इलेक्ट्रॉन सुटायला लागतात, आणि आता इंटेन्सिटी वाढवली की संख्या वाढते पण स्टॉपिंग पोटेन्शियल (इलेक्ट्रॉन अडवायला लागणारं व्होल्टेज, म्हणजे त्यांच्या जोराचं माप) जागचं हलत नाही. आईन्स्टाईनने १९०५ मधे जे मांडलं ते दहा मिनिटांत मुलांच्या डोळ्यासमोर. मग सरांनी फॉर्ममधे काय लिहायचं, हो की नाही?

लॉकडाऊनमधे आम्ही प्रॅक्टिकल्स व्हर्च्युअल लॅबवर घेतली. जर्नलं सुंदर, रीडिंग्ज अचूक. २०२२ मधे तीच मुलं लॅबमधे परत आली आणि स्पेक्ट्रोमीटरसमोर रडकुंडीला आली, कारण क्रॉसवायर दिसत नव्हती, प्रिझम टेबल लेव्हल नव्हतं, आणि स्क्रीनवर वायर कधी लूज नसते की स्क्रू गेजला झीरो एरर नसते. पण म्हणून मी व्हर्च्युअल लॅब टाकून देणार नाही हां. आसनगावहून येणारी एक मुलगी आदल्या रात्री मोबाईलवर प्रयोग दोनदा करून यायची आणि लॅबमधे तिचा हात सगळ्यात आधी कामाला लागायचा. प्रॅक्टिकलच्या आधी द्या, सोन्यासारखी गोष्ट आहे. प्रॅक्टिकलच्या ऐवजी दिलीत तर मुलांचं नुकसान आहे, एवढं मी छातीठोक सांगते.

आमच्या डिपार्टमेंटमधे टेक्नॉलॉजीत सगळ्यात हुशार जो आहे तो सीएचबीवर, म्हणजे क्लॉक अवर बेसिसवर आहे. तासाप्रमाणे पैसे, तेही महिनोन्महिने अडकलेले. व्हिडिओ एडिट करायचा, गूगल क्लासरूमवर टाकायचा, रात्री अकराला मुलांच्या डाउट्सना उत्तरं द्यायची, यातला एकही तास बिलात धरत नाहीत. तो मला म्हणाला, "मॅडम, पुढच्या वर्षी मी इथे असेन का तेच माहीत नाही, लेक्चर्स रेकॉर्ड करून कोणासाठी ठेवू?" शिक्षकांचा टेक्नॉलॉजीकडे बघण्याचा दृष्टिकोन म्हणतात ना, त्यात हेही येतं, पण हे कोणी विचारत नाही.

एआयचंही तसंच. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि असाइनमेंट्स सगळ्या एकाच हातच्या वाटायला लागल्या. मी मुलांवर चिडले नाही, मार्क व्हायवाकडे, म्हणजे तोंडी परीक्षेकडे वळवले. पण साठ मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे पाच तास झाले ना, आणि टाइमटेबलमधे त्याला एक तासही मिळालेला नाही.

मिश्रा आणि कोहलर या दोन शिक्षण-संशोधकांनी २००६ मधेच सांगितलंय की नुसतं सॉफ्टवेअर येऊन भागत नाही, तुमचा विषय, तो शिकवायची पद्धत आणि ते साधन या तिन्हींची समज एकत्र यावी लागते. म्हणजे फिजिक्सवाल्याला आणि इतिहासवाल्याला एकाच हॉलमधे बसवून एकच बटण दाखवण्यात काय अर्थ आहे?

आम्ही डिपार्टमेंटच्या सहाजणांनी प्राचार्यांना पत्र दिलंय. पुढचं ट्रेनिंग विषयवार घ्या, मुलं कुठे अडकतात त्याची यादी आम्ही आणतो, त्यावर काय वापरता येईल ते सगळे मिळून बघू, आणि सीएचबीवाल्यांना त्या दिवसाचे तास द्या. पहिली सही सरांनी केली. यादीतले पहिले चार मुद्दे पण त्यांच्याच हातचे आहेत, फोटोइलेक्ट्रिक एक नंबरला.