दुखत नाही तोवर तपासायचं नाही, आणि दुखलं की गर्भाशयाची पिशवीच काढायची?

आमच्याकडे आरोग्य शिबिरात बायका बीपी मोजून घेतात, शुगरसाठी बोट पुढे करतात, तोंड उघडून दाखवतात. मग सिस्टर सांगतात, "आता पडद्यामागे या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आतली तपासणी आहे." तिथे रांग संपते. कुणाला धार काढायची असते, कुणाची नातवंडं शाळेतून यायची असतात.

बचत गटाच्या कामामुळे या बायकांशी माझं रोजचं बोलणं आहे. कारणं तीच ऐकू येतात. मला काही त्रासच नाही. आमच्या घराण्यात कुणाला नाही. तपासलं की काहीतरी निघतंच. आणि एकदम खालच्या आवाजात, "तसला रोग तसल्या बायकांना होतो."

याला अडाणीपणा म्हणणारे लोक मला पटत नाहीत. माझ्या नात्यातल्या शिक्षिका आणि बँकेत नोकरी करणाऱ्या बायकाही हेच बोलतात, फक्त शब्द जरा गुळगुळीत असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी केलेल्या बायका निघाल्या 1.9 टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. आणि देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो, त्यात पाऊण लाखाहून जास्त मृत्यू.

"मला त्रास नाही" हे त्या बाईचं एकटीचं मत नाही, घराने तिला ते शिकवलंय. बाई अंथरुणाला खिळली तरच ती आजारी. तोवर सगळं अंगावर काढायचं. चालतीफिरती बाई दवाखान्यात निघाली की सासू विचारते, "काय झालंय तुला?" आणि "काही झालं नाही, बघून यायचंय" हे उत्तर आपल्या घरांत चालत नाही.

हा रोग नेमका याच समजुतीचा फायदा घेतो. शरीरसंबंधांतून पसरणाऱ्या एचपीव्ही विषाणूमुळे हा कॅन्सर होतो. त्याचा संसर्ग झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षं जातात, आणि त्या सगळ्या काळात काहीही दुखत नाही. अंगावरून घाण वास येणारं पाणी जायला लागतं, संबंधांनंतर रक्त दिसतं, तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. "तसल्या बायकां"चं म्हणाल, तर हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि आपोआप जातोही. काहींच्या शरीरात तो टिकून राहतो. आयुष्यभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. चारित्र्याशी या रोगाची सांगड घालून आपण किती बायकांना त्या पडद्यापासून परत पाठवलंय, याचा मला मनापासून राग येतो.

तपासणी तरी केवढी? व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिटिक ॲसिड पातळ करून कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या मुखाला लावतात आणि मिनिटभर थांबतात. पेशी बिघडायला लागल्या असतील तिथे पांढरा डाग उमटतो. तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतो. पिशवी जागच्या जागी राहते.

आता दुसरी बाजू. तिशी नुकतीच ओलांडलेली, ऊसतोडीला जाणारी एक बाई मला म्हणाली, "ताई, माझी पिशवी काढली. ठेवली असती तर कॅन्सर झाला असता."

"कॅन्सरची तपासणी केली होती का?"

"नाही. सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, काढून टाका, पुढं कॅन्सर होईल."

तिला पांढरं पाणी जात होतं, कंबर दुखत होती. फडात आंघोळीला आडोसा नाही, पाळीत कापड बदलायला जागा नाही. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा पडतो, पैसे कापले जातात. दोन मुलं झाली, आता पिशवीचं काय काम, हे तिला घरानेही सांगितलं होतं आणि मुकादमालाही ते सोयीचंच होतं. 2019 साली सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती आली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. साधारण सहातली एक. ज्यांचे अंडाशयही काढले, त्यांना अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडं झिजायला लागतात. त्याच हातांनी पुन्हा मोळी उचलायची असते.

म्हणजे भीती एकच, कॅन्सरची. ती भीती पाच मिनिटांच्या तपासणीला नको म्हणायला लावते आणि तीच ऑपरेशनच्या टेबलावर नेऊन झोपवते. कारण ऑपरेशनला दुखण्याचा आधार आहे, घराची परवानगी आहे, डॉक्टरचा शब्द आहे. तपासणीच्या मागे कुणीच उभं नाही.

समजुती बदलतात, पण पत्रक वाटून नाही. टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी हीच ॲसिटिक ॲसिडची तपासणी केली. या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. आमच्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, तो अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. जगाला दाखला मराठवाड्यातल्या खेड्यांनी दिला आणि मराठवाड्यातल्याच बायका अजून रांगेतून परत जातात.

आमच्या गावात गटाची अध्यक्ष सगळ्यांदेखत आधी आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, "झालं, एवढंच होतं. या गं." त्या दिवशी रांगेतल्या बऱ्याच जणी पडद्यामागे गेल्या.

मागणी एवढीच आहे. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात. तीस ओलांडलेल्या बायकांची तपासणी त्याच्या आधी, गणपती ते दसरा या दिवसांत उपकेंद्रावर व्हावी. दाराला कडी असलेली खोली हवी, तपासणारी बाई हवी, आणि डाग दिसला तर टोळी निघायच्या आत उपचार व्हायला हवेत. या ग्रामसभेत आम्ही हा विषय मांडतोय. तुमच्या गावातही मांडा.