जरा दमानं घ्या, साहेब!

सरकारी काम फार सावकाश चालतं, अशी लोकांची तक्रार असते. माझी नेमकी उलटी आहे. धोरण इतक्या घाईत निघतं की परिपत्रकामागोमाग शुद्धिपत्रक येतं, मग स्पष्टीकरण, मग त्या स्पष्टीकरणाचं स्पष्टीकरण. शेवटी खिडकीपलीकडचा कारकूनच आपल्याला विचारतो, "सध्या यातलं कुठलं चालू आहे हो?"

मसुद्याला दोन दिवस आणि दाखल्याला दोन महिने, हे गणित फक्त उलटं करायचं आहे. पण पडून राहिल्यानं फाईल मुरते, हा गैरसमज आधी सोडा. 'चर्चा करावी' असा शेरा मारला की वेळ जातो, चर्चा होत नाही. कारण कोणी, कोणाशी आणि कशावर, हे शेऱ्यात नसतं.

सावकाशीची सुरुवात व्याख्यांपासून. मसुद्यातला प्रत्येक 'इत्यादी' शोधून काढा. त्यातून पुढे एकेक दावा निघतो. 'सक्षम प्राधिकारी' कोण, हे लिहिलं नाही तर सगळेच अक्षम ठरतात.

मग अर्जाचा नमुना. ज्यानं तो आखला त्यानंच सगळ्या जोडपत्रांसह, घड्याळ लावून भरावा. तेव्हा कळतं, की चौथ्या रकान्यातला दाखला मिळवायला आधी याच योजनेचा लाभार्थी क्रमांक लागतो! ऑनलाइन अर्जात आडनाव सक्तीचं असतं. एकच नाव लावणारा बिचारा तिथे टिंब टाकून पुढे सरकतो, आणि पुढच्या सगळ्या नोंदींत टिंब हेच त्याचं आडनाव होऊन बसतं.

हरकती-सूचनांसाठी केंद्राचं 2014 चं धोरण आहे: विधेयकाचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोबत आर्थिक भार आणि लोकांच्या जगण्यावरचा परिणाम सांगायचा. पण ते पडलं धोरण, कायदा नव्हे. घाई असली की अनेकदा तेच गळतं. आलेल्या हरकतींचा साधा तक्ता करावा: हरकत, निर्णय, कारण. 'नोंद घेतली' हे कारण होत नाही.

इंग्लंडनं 1696 मध्ये खिडक्या मोजून घरांवर कर लावला. मोजणी बाहेरूनच होत असल्यानं कचेरीच्या दृष्टीनं योजना आदर्श! लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, आणि कर रद्द व्हायला 1851 उजाडलं. आधी एखाद्या गावात वर्षभर चालवून पाहिला असता, तर गवंड्यांकडची गर्दीच सगळं सांगून गेली असती.

मात्र प्रयोगासाठी सर्वांत हुशार अधिकाऱ्याचा जिल्हा निवडू नये. तिथे काहीही यशस्वी होतं. दोन पदं रिक्त असलेलं, सर्व्हर अधूनमधून झोपणारं कार्यालय घ्यावं. कोणता आकडा आला तर योजना गुंडाळायची, हे सुरू करण्याआधीच लिहून ठेवावं. नंतर प्रत्येक आकडा 'उत्साहवर्धक'च दिसतो.

आणि 'तात्काळ प्रभावाने' लिहिण्यापूर्वी खिडकीवरच्या माणसाला नियम वाचायला तरी द्यावा. निदान नवे अर्ज छापून येईपर्यंत जुने रद्दीत घालू नयेत.